मंगल, काळ्या हुलग्याचं काय करू?

मंगल, परसातल्या काळ्या हुलग्याच्या शेंगा वाळल्या. बोट लागलं की तडकायल्यात. तू दवाखान्यात गेल्यापासून मी त्याला एक तांब्या पाणी घातलेलं नाही. मरू दे म्हटलं. तो मेला नाही. तुझ्या रक्षाविसर्जनाला पावणे आले, त्यांनी चपला काढल्या त्या कोपऱ्यापर्यंत वेल सरकलेला होता. तुझी वहिनी म्हणाली, "दाजी, हुलगा बाकी झ्याक आलाय की." मी तिच्याकडं असं बघितलं की ती चहा न पिता गेली.

हुलगा दवावर येतो, त्याला पाणी लागत नाही, हे मला कळतं. शेतकऱ्याच्या घरात जन्मलोय. तरी सकाळी मोरीकडं जाताना मी त्याच्याकडं पाठ करून जातो.

शाहीन येऊन गेली. कॉलेजच्या अंकात तुझ्यावर लिहायचं आहे म्हणाली. "चाचा, तुम्ही सांगा, मी उतरून घेतो." म्हटलं, सातवी झालोय, मला लिहिता येतंय. तुझा जन्म कुठला, पदव्या कुठल्या, ते बाकीचे लिहितील, त्यांना ते चांगलं जमतं. ज्यांना शाहीन माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की हुपरीत चांदीच्या कामाला माझ्या शेजारी पैंजणाचे सांधे डाक लावून जोडायला बसायचा त्या मेहबूबची ती लेक. तुझ्या हाताखाली शिकली, आता तुझ्याच जागेवर शिकवते. आपल्याला मूल नाही. ही येते, फ्रिज उघडते आणि आत खायला काही नाही म्हणून मला बोल लावते. म्हणजे काय ते समजून घ्या.

तिला खरं विचारायचं होतं ते तिनं जाताना दारात विचारलं. "चाचा, शेंगा वाळल्यात. बी न्यायचंय. मॅडमचं काम अर्ध्यावर हाय."

मी म्हटलं, "बघू."

तर हेच तुला विचारायला बसलोय. बी तिला द्यायचं, का चुलीत घालायचं? तू काय म्हणणार ते मला माहीत आहे. मी काय म्हणतो ते मात्र पुरतं ऐकून न घेताच तू गेलीस.

तू माझ्या मामाची लेक. आपलं लग्न आपल्याला विचारून ठरलं नव्हतं. लहानपणी तू मला दत्तू म्हणायचीस आणि अंगावर चिखल फेकायचीस. लग्नानंतर आईनं दटावलं तेव्हापासून 'अहो'. पण भांडणाच्या भरात तोंडातून 'दत्तू' निसटायचं आणि मला बरं वाटायचं. मी शाळा सोडून मूस आणि फुंकणी धरली, तू शिकत राहिलीस. मामा म्हणाला, "पोरगी शिकतीया, पर शब्द म्हंजी शब्द." दुकानातले मित्र म्हणायचे, "दत्त्या, बायको इंग्रजीत शिव्या देईल, तुला कळायचं बी न्हाय." मी म्हणायचो, मग बरंच की, राग तरी येणार नाही.

तुझं काम काय, हे मला कधी कुणाला नीट सांगता आलं नाही. हुलग्यावर शोध करती म्हटलं की लोक हसायचे. हुलग्यात काय शोधायचं, बैलाला घालायचा. मग मी शर्टाची बाही वर करून कोपराच्या खोबणीतले सुईचे व्रण दाखवायचो. "ह्ये बघा. ह्यातनं शोध लागायलाय." तुला हे कधी सांगितलं नाही. तू म्हणाली असतीस, मिरवताय काय? व्हय, मिरवत होतो.

ती सुई पहिल्यांदा कशी आली ते आठवतंय का? तू संध्याकाळी कॉलेजातून आलीस, पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलंस, "ओ, तुमचा रक्तगट काय?"

"ए. का?"

तुझं तोंड असं फुललं की मला वाटलं पगार वाढला. "मला ए-च पाहिजे होता! माझा ओ. त्याचा काय उपयोग न्हाय."

"माणसाचा उपयोग रक्तावरनं ठरवायलीस व्हय?"

"उद्याच्यापुरता."

दुसऱ्या दिवशी तुझ्या प्रयोगशाळेत गेलो. पोरांनी माझं रक्त काढलं, मिठाच्या पाण्यानं धुतलं. रक्त धुतात हे मला तिथं कळलं. तुझी ती पांढरी प्लास्टिकची थाळी, तिच्यात ओळीनं खळगे, एकेकात अर्धा वाटाणा मावेल एवढे. तू पहिल्या खळग्यात हुलग्याचं पाणी घातलंस, दुसऱ्यात त्याच्या निम्म्या ताकदीचं, तिसऱ्यात त्याच्याही निम्म्या, असं पातळ करत गेलीस. मग प्रत्येकात माझ्या रक्ताचा थेंब. "आता च्या पिऊन या."

चहा पिऊन आलो. शेवटच्या खळग्यांत रक्त निवांत तळाला बसलं होतं, टिकली लावावी तसा गोल ठिपका. पहिल्या खळग्यांत तसं नव्हतं. तिथं दुधावर साय धरावी तसं ते सगळ्या खळग्याला पसरून चिकटलं होतं.

"हितं त्यानं धरलंय," तू म्हणालीस.

"कुणी?"

"हुलग्यानं."

खालच्या ओळीत तुझं रक्त होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते ठिपके. एकाही खळग्यात धरलं नव्हतं. तू त्या ओळीवरून बोट फिरवलंस आणि हसलीस. "माझ्याकडं बघत बी न्हाय. तुम्हालाच ओळखतंय."

मंगल, ते वाक्य मला तेव्हा आवडलं नाही. आजही आवडत नाही.

तू मला समजावून सांगितलंस, माझ्याच धंद्यातलं घेऊन. रक्ताच्या कणाला बाहेरून साखरेची घुंगरं असतात म्हणालीस, पैंजणाला असतात तशी. ए गटाचं घुंगरू वेगळं, ओ-चं वेगळं. हुलग्यात एक प्रथिन असतं, त्याला एकाहून जास्त हात. एका हातानं ह्या कणाचं घुंगरू धरतं, दुसऱ्यानं त्या कणाचं, आणि बघता बघता सगळ्यांची मोट बांधतं. तेवढं एक प्रथिन बाकीच्या रामरगाड्यातनं वेगळं काढायचं, हे तुझं काम. बी भिजवायचं, वाटायचं, फडक्यातनं गाळायचं, खार घालून साका खाली बसवायचा. मग काचेच्या उभ्या नळीत साखर बांधलेले मणी भरायचे आणि ते पाणी वरनं सोडायचं. बाकी सगळं वाहून जातं, हे तेवढं साखरेला धरून बसतं. वरनं साखरेचं पाणी घातलं की त्या लोभानं हात सोडतं आणि खाली येतं, एकटं, स्वच्छ.

मी म्हटलं, "कोल्हापूर जिल्ह्यातलं बी हाय. साखरेला चिकटणारच."

तू इतकी हसलीस की तुझ्या सरांनी दार उघडून बघितलं.

मला ते पटलं होतं. मीही तेच करायचो की. चांदी मुशीत आटवायची, मळ वर आला की काढायचा, खाली राहील ती खरी. फक्त माझी चांदी मुशीत पडून असायची, ती कुणाला धरायला येत नव्हती.

त्याच दिवशी घरी आलो तर आईनं हुलग्याचं माडगं केलेलं. मी वाटी सरकवली.

तू म्हणालीस, "शिजवलं की त्यातला जीव जातोय ओ."

"म्हंजी कच्च्यात जीव हाय."

"तसं न्हाय. त्याची घडी मोडती, मग त्याला धरता येत न्हाय."

"मोडली का न्हाय, बघितलंस?"

तू माझ्यासमोर तुझी वाटी प्यालीस, वर माझीही प्यालीस आणि मिशी पुसावी तसं ओठ पुसलेस. आई म्हणाली, "माडग्यावरनं कोण भांडतंय रं?" त्यानंतर मी माडगं तोंडात घातलं नाही. तू दर हिवाळ्यात करायचीस, माझ्याकडं बघत प्यायचीस.

मग तो काळा. गावोगावचा हुलगा वेगवेगळ्या जोरानं धरतो म्हणून तू गोळा करत सुटलीस. रविवार आला की माझ्या स्कूटरवर. गारगोटीच्या पुढं त्या खडकाळ उतारावर एका म्हातारीनं गाडग्यातनं मूठभर काढून दिला. बारका, काळा, चकाकणारा. तू म्हणालीस, मला पाल्यासकट हिरवा पण पाहिजे, शेंगेत हे प्रथिन कधी येतं ते बघायचंय. म्हातारीनं हात आखडला. "वाळल्याबिगर उंबऱ्याच्या आत घिऊ नगा."

"का ओ आजी?"

"आमच्यात घेत न्हाईत."

"पर का?"

"आता का म्हंजी? घेत न्हाईत."

तू हसून बांधावरचे हिरवे वेल मुळासकट उपटून घेतलेस, ओल्या गोणपाटात गुंडाळून स्कूटरला बांधलेस. घरी आल्यावर रात्रभर ते गोणपाट आपल्या स्वयंपाकघरात होतं. मी म्हटलं, बाहेर ठेव. तू म्हणालीस, मांजर फाडंल. दुसऱ्या दिवशी अर्धे कॉलेजात नेलेस, अर्धे परसात लावलेस. तेव्हापासून दर वर्षी त्याचंच बी तिथं पेरत आलीस.

काळ्याची थाळी तू मला मुद्दाम बोलावून दाखवलीस. ओळ संपली तरी ठिपका नाही. कितीही पातळ करा, शेवटच्या खळग्यापर्यंत सायच. तू टाळी वाजवलीस. मी माझं रक्त बघत होतो.

"लई भूक हाय ह्याला," मी म्हटलं.

"भूक न्हाय ओ, पकड हाय. घट्ट पकड."

त्याचा उपयोगही तू सांगितलास. ए गटातही पोटभेद असतात, ते या हुलग्याच्या पाण्यानं ओळखता येतात, रक्तपेढ्यांना लागतं. बाहेरनं महाग बाटल्या येतात, आपल्या डोंगरातलं बी असताना कशाला? शाहीन तेव्हा तुझ्याकडं नवीन आली होती. तिचाही गट ए निघाला. तू तिला म्हणालीस, "वा, आता चाचांना जरा सुट्टी." मी म्हटलं, मला सुट्टी नको. तुला वाटलं मी गंमत करतोय.

गेल्या थंडीच्या सुरवातीला तू भांडी घासून आलीस आणि बोटं दाखवलीस. शेंडे जांभळे पडलेले. शेकले की पूर्ववत. मग नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या. डोळे पिवळट दिसायला लागले, जिना चढताना मध्येच बसायचीस. दवाखान्यात रक्त काढलं. नर्सनं नळी हलवली तर आत काचेला कण कण चिकटलेले. ती म्हणाली, "गोठलं वाटतं, परत घेऊया."

"गोठलं न्हाय," तू म्हणालीस. "द्या हिकडं."

तू ती नळी मुठीत धरलीस, शालीच्या आत, काखेत. आम्ही सगळे बघत बसलो. थोड्या वेळानं बाहेर काढलीस तर रक्त सुटं. पाण्यासारखं काचेवरनं वाहायला लागलं. मग तू नळी टेबलाच्या गार फरशीला टेकवून धरलीस आणि पुन्हा कण धरायला लागले. जन्मभर तू मला थाळ्या दाखवल्यास, पण हे तोंड मी कधी बघितलं नव्हतं.

"ओ, माझं मलाच धरायलंय."

डॉक्टर चांगला माणूस. समजावून सांगितलं. शरीर स्वतःच काहीतरी तयार करतं, थंडी लागली की ते रक्ताच्या कणांची मोट बांधतं. मी सगळ्यांसमोर विचारलं, "डॉक्टर, ही जन्मभर रक्त धरणारं बी हाताळत आली. आता हिचंच रक्त धरलंय. ह्याचा त्याचा काय संबंध न्हाय म्हणताय?"

"नाही आजोबा. ते वेगळं, हे वेगळं."

"कशावरनं?"

तो सांगायला लागला आणि तू म्हणालीस, "दत्तू, गप बस." चारचौघांत पहिल्यांदा. मी गप बसलो.

घरी आल्यावर मात्र बसलो नाही. "मग झालं कशानं?"

"काही वेळा कारण सापडत न्हाय."

"जन्म गेला तुझा कारणं शोधण्यात. स्वतःचं सापडत न्हाय?"

"न्हाय सापडत." तू हळू बोललीस. तू ओरडली असतीस तर मी मानलं असतं. हळू बोललीस म्हणून मी घाबरलो. त्या बीनं ज्या रक्ताकडं कधी बघितलं नाही त्याच रक्ताला धरायची सवय लागली, आणि मला ओळखणारं बी मला सोडून गेलं. ह्याला तुम्ही शिकलेले काय म्हणता? मला म्हातारीचा उंबरा आठवतो.

शेवटी दवाखान्यात तुला रक्तसुद्धा कोमट करून चढवायचे. मी गरम पाण्याच्या पिशव्या बदलत बसायचो, एक पायाशी, एक हाताशी. एका दुपारी तू म्हणालीस, "शेंगा वाळल्या की शाहीनला द्या."

"जाळणार."

"जाळा की. बी काय तुमचं नाव घिऊन आलंय व्हय?"

"तूच म्हणालतीस, तुम्हालाच ओळखतंय म्हणून."

तू डोळे उघडलेस. "त्ये गमतीनं म्हटलेलं, दत्तू. एवढी वर्सं धरून बसलास?"

हे आपलं शेवटचं भांडण. मी पायाशी पिशवी बदलली तोवर तुला झोप लागली. पुढं छातीत कफ झाला, ताप चढला, तू बोलली नाहीस. खिडकीतनं ऊन अंथरुणावर आलं होतं तेव्हा गेलीस. हात गरम होते. मला वाटलं बरं वाटायलंय.

इथवर लिहून मी कागद ठेवून दिला होता. रविवारी शाहीन परत आली. मी परसात खुर्ची टाकून बसलो होतो, काडेपेटी खिशात. तिनं ती बघितली. दुसरी खुर्ची आणून शेजारी बसली.

मी म्हटलं, "तुझा गट काय?"

"ए. तुमचाच. तुम्हाला म्हाइताय की."

"म्हणूनच देत न्हाय."

"चाचा, मॅडमना त्येनं झालं न्हाय."

"सगळे हेच म्हणतात. कशानं झालं त्ये कोण सांगत न्हाय."

तिनं हुलग्याची एक वाळली शेंग तडकवली. मग म्हणाली, "भ्या वाटतंय काय तुम्हाला?"

"व्हय."

"मला बी वाटतंय."

मंगल, मला वाटलं होतं ती तुझ्यासारखी हसेल. ती हसली नाही.

"मॅडम गेल्यापास्नं थाळी हातात घेतली की परत खाली ठेवतो. माझं रक्त घातलं आन् धरलेलं बघितलं की नजर काढून घेतो. मला बी कळतंय त्येचा ह्येचा संबंध न्हाय. तरी."

"मग सोड की. दुसरं कायतरी कर. कॉलेजात काय कमी हाय?"

"सोडलं तर मॅडम नुसतीच गेली म्हणायची, चाचा."

ह्यावर तू काय म्हणाली असतीस, मंगल?

मी उठलो. वेल मुळापासनं उपटले, अंगणात पोत्यावर टाकले, काठीनं बडवले. शाहीन पाखडायला बसली. तिला पाखडता येत नाही, निम्मं बी मातीत गेलं, ते वेचत बसलो. एका मातीच्या भांड्यात भरून दिलं. देताना म्हटलं, "एक अट हाय. दर महिन्याला हितं यायचं. तुझं रक्त काढायचं, नळीत घालायचं, माझ्यासमोर बर्फाच्या पाण्यात ठेवायचं. मी बघणार."

"आवो चाचा, त्येला काय अर्थ न्हाय."

"नसू दे. यायचं."

"नवऱ्याला काय सांगू?"

"म्हातारा येडा झालाय सांग."

महिना झाला, आज ती आली. स्वतःच स्वतःचं रक्त काढलं, जांभळ्या झाकणाच्या नळीत. मी तांब्यात बर्फ आणि पाणी घालून ठेवलं होतं. नळी त्यात बुडवली आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो. ती सासूचं गाऱ्हाणं सांगत होती, सासूनं फ्रिजमधलं सगळं कसं मोलकरणीला दिलं ते. मी व्हय व्हय म्हणत होतो. माझं लक्ष तांब्याकडं. तिचंही, हे मला तिच्या बोलण्यावरून कळत होतं. ती तेच तेच दोनदा सांगायला लागली होती.

शेवटी मीच नळी काढली. खिडकीकडं धरून आडवी केली. रक्त काचेवरनं गेलं, मागं काही राहिलं नाही.

"सुटं हाय," शाहीन म्हणाली.

"थांब." मी परत बुडवली. परत काढली. परत आडवी केली.

"सुटं हाय चाचा. बास की आता."

"ह्या महिन्याला हाय," मी म्हटलं.

तिनं माझ्या हातातली नळी घेतली, ओट्यावर ठेवली आणि तोंड धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता.

तर मंगल, बी दिलं. तू जिंकलीस असं समजू नकोस, माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. तू असतीस तर आत्ता भांडलो असतो. तुझं काम चालू राहील, शाहीन ते करेल, आणि पुढच्या महिन्यात ती येईल, त्याच्या पुढच्या महिन्यातही येईल. प्रत्येक वेळी ती नळी गार पाण्यातनं काढायला माझा हात लागणार, तिचा नाही, हे मी तिला बजावून सांगितलंय. त्यामुळं मला इतक्यात तिकडं यायला जमणार नाही. तू माझी वाट बघत थांबू नकोस.